दुखणाईतांचे आबा

आमच्या गावात कोण किती आजारी आहे, हे डॉक्टरच्या आधी आबांवरून कळायचं. आबा दारातूनच "काय रे, पडलास का?" म्हणून पुढे गेले तर साधा सर्दीताप. आत येऊन खाटेच्या पायथ्याशी बसले तर आठवडाभराचं दुखणं. आणि पिशवीतून मोसंबी काढून घरातल्या बाईला "पेला आण गं माय" म्हणाले, तर जालन्याला न्यायला गाडी ठरवायला हरकत नसे. एकदा भिकाजी शिंप्याचं नुसतं पोट बिघडलं होतं. आबा पिशवी घेऊन येताना दिसले आणि त्याने आतून कडी लावून घेतली. "आबा, म्या बरा हाय! बिलकुल बरा हाय!" असं तो आतून ओरडत राहिला. आबा बाहेरून म्हणाले, "अरे, तुझ्याकडं कोण आलंय? म्या तर शेजारी चाललोय." ते ऐकून शेजारची म्हातारी रडायला लागली.

अंबडहून अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आबांची चार एकर मोसंबी होती. माणूस उंच, कानांवर केस, चालताना एक खांदा पुढे. बागेचं काम उरकलं की उरलेला दिवस दुखणाईतांचा. कोणाच्याही घरी गेले तरी "कसं वाटतंय?" हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "दुखणाईताला दुखणं कामून इचारायचं? ते त्याला पाठ असतंय. खाटेवरून जे दिसत न्हाई ते त्याला सांगावं." मग कोणाच्या विहिरीवरची मोटार जळाली, कोणाचा जावई आठ दिवस झाले तरी हलायला तयार नाही, कोणाची म्हैस कोणाच्या कपाशीत शिरली, हे सगळं साग्रसंगीत सुरू व्हायचं. भांडण ऐन रंगात आलं की आबा उठायचे. "बाकीचं उद्या." त्या भांडणाचं पुढे काय झालं, एवढ्या उत्सुकतेपायी दोन-तीन माणसं तरी जगली असावीत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

गावातला माणूस जालन्याच्या दवाखान्यात असला की आबा सकाळच्या एसटीने निघायचे. आपल्या माणसाशी बोलून झालं की शेजारच्या खाटेवरच्या परक्या माणसाशी बोलायचे, मग त्याच्या शेजारच्याशी. परत येताना चार नव्या गावांच्या खबरी घेऊन यायचे. त्यांची बायको, आम्ही तिला माई म्हणायचो, एकदा माझ्या आईला म्हणाली, "मला आठ दिवस ताप होता, तर हे कुंभार पिंपळगावच्या कोणाची तरी चौकशी करायला गेल्ते. ह्यांनी माझ्याजवळ बसावं असं वाटलं तर मला दुसऱ्याच्या घरात जाऊन आजारी पडावं लागंल." आबा शेजारीच बसून हसत होते. लाज कशी ती नाही.

माझा आणि आबांचा संबंध आला तो माझ्या वडिलांच्या आजारामुळे. वडील गावातल्याच शाळेत शिक्षक होते. आमचं घर बौद्धवाड्यात, शाळेच्या मागच्या अंगाला. मी सातवीत असताना वडिलांना टीबी झाला. शाळेत रजा, घरात वेगळी ताटवाटी, ओसरीच्या टोकाला वेगळी खाट. आमचे सख्खे नातेवाईकसुद्धा अंगणातूनच चौकशी करून जायचे. गावातल्यांचं तर विचारायलाच नको. आबा मात्र दर आठवडी बाजाराच्या दिवशी येऊन खाटेजवळ बसायचे. आई घाबरून म्हणायची, "आबा, लांब बसा हो. लागट आहे." आबा म्हणायचे, "आपल्याला काय होतंय!" आणि सुरी मागून घ्यायचे. मोसंबीची अर्धी फोड वडिलांना, अर्धी स्वतःला. गोळ्यांचा कोर्स पुरा झाला, वडील बरे झाले, पुढे पंधरा वर्षं त्यांनी शिकवलं. ते गोळ्यांनी बरे झाले हे मला माहीत आहे. पण त्या दिवसांची आठवण काढली की वडील गोळ्यांचं नाव घेत नसत.

वडिलांच्या थुंकीचे नमुने डब्यांतून सरकारी दवाखान्यात नेता नेता मला तिथल्या सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्यांचं वेड लागलं. मी लॅब टेक्निशियन झाले आणि अंबडच्या एका लॅबमध्ये काम करू लागले. गावात याचं सगळ्यात जास्त कौतुक आबांना. "आपल्या सुजाताला माणसाच्या आतलं दिसतंय," असं ते सांगत फिरायचे. त्यामुळे काही बायका बरेच दिवस माझ्यासमोर उभ्या राहायला संकोचायच्या.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आबा स्वतःच लॅबमध्ये आले. "थकल्यावानी होतंय. मानेला ही गाठ हाय. दुखत बिखत न्हाई. पाह्य जरा." मी रक्त घेतलं, मशीनला लावलं. पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून मला वाटलं मशीन बिघडलं. पुन्हा लावलं. तोच आकडा. मग काचपट्टीवर थेंब ओढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पट्टीभर एकसारख्या गोल गोल लिम्फोसाइट पेशी, काही फुटून पसरलेल्या. असं पुस्तकात पाहिलं होतं.  बाहेर बाकावर आबा एका अनोळखी बाईला तिच्या मुलाच्या काविळीवरून धीर देत बसले होते.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या करून नाव सांगितलं. रक्ताचा कॅन्सर, पण हळू चालणारा, क्रॉनिक. लगेच औषधही नको, दर काही महिन्यांनी रक्त तपासत राहायचं. आबांचा मुलगा विलास "कॅन्सर" शब्दापाशीच अडकला होता, त्याला पुढचं ऐकू आलं नाही. आबा मात्र नीट ऐकत होते. त्यांनी मला विचारलं, "पांढऱ्या पेशी म्हणजे रोगाशी लढणाऱ्याच ना? तूच सांगितलं होतंस. मंग वाढल्या तर बराबरच हाय की."

मी समजावलं की या पेशी दिसायला तशाच असतात, पण लढायच्या कामाच्या नसतात. मरायच्या वेळी मरत नाहीत, साठत राहतात, हाडाच्या आत जिथे चांगलं रक्त तयार होतं तिथली जागा अडवतात. रोगाला ओळखून धरणारी जी द्रव्यं शरीर तयार करतं, तीही कमी होत जातात. आबांनी थोडा विचार केला. "म्हणजे कारखान्यावर हजार माणसं भरती झाली. एकालाबी कोयता धरता येत न्हाई. अन् ज्याला येतो त्याला फडात उभं राह्यला जागा न्हाई." मी हो म्हटलं. पुढे डॉक्टरांनी पेशंटना समजावण्यासाठी हाच दाखला वापरायला सुरुवात केली, असं विलास सांगतो. खरं-खोटं त्यालाच ठाऊक.

डॉक्टरांनी न्यूमोनियाची आणि फ्लूची लस दिली, आणि ती यांच्या शरीराला पुरती लागू पडेलच असं नाही, हेही सांगितलं. गर्दी नको, लग्नं नकोत, आणि दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायला जाणं तर बिलकुल नको. आबांनी मान डोलावली. तिसऱ्या आठवड्यात ते जालन्याच्या दवाखान्यात तीन खाटांवर बसून आले, आणि पाचव्या दिवशी त्यांना न्यूमोनिया झाला. त्यातल्या एका खाटेवरच्या पोराला झालेला साधा खोकला दोन दिवसांत गेला, आबांना मात्र सोळा दिवस दवाखान्यात काढावे लागले. परत आले तेव्हा पुढे असणारा तो खांदासुद्धा मागे गेला होता.

मग मात्र मी कंबर कसली. बागेतल्या घराच्या फाटकावर बोर्ड लावला: "आबांना भेटायला येऊ नये." खाली कारण लिहिणार होते, पण विलासने हात जोडले. त्याच्या मुलीची सोयरीक चालू होती. रक्ताचं दुखणं म्हटलं की लोक पोरीकडेही वेगळ्या नजरेने बघतील, ही त्याला भीती. मी ऐकलं. माझी चूक झाली ती इथे. कोणाला लांब ठेवायचं, याचा आमच्या गावाला एकच अनुभव होता. माझ्या वडिलांचा टीबी त्यांनी पाहिला होता, कोरोना तर घरोघरी पाहिला होता. ज्याच्याजवळ जायचं नाही तो माणूस आपल्याला रोग देतो, एवढंच त्यांना माहीत. महिन्याभरात गावभर झालं की आबांना काहीतरी भयंकर लागट झालंय. न्हावी येईनासा झाला. मोसंबी तोडायला नेहमीच्या बायका आल्या नाहीत. आबांनी एका बाळंतिणीकडे पाठवलेली मोसंबी तिच्या घराच्या उकिरड्यावर पडलेली माईला दिसली. माईने ते सांगायला नको होतं. पण तिचा स्वभाव.

 तिसऱ्या दिवशी सकाळी आबा तोंडाला मास्क लावून एकटेच ग्रामपंचायतीत गेले. तिथे पाण्याची वेळ सांगायचा भोंगा आहे. शिपायाला त्यांनी बाहेर उभं केलं, आणि खोलीत एकट्याने माईक हातात घेतला. मी त्या दिवशी गावातच होते. अंगणात दात घासत असताना आवाज आला.

"ऐका हो. म्या आबा बोलून राह्यलो. पाणी आज वरच्या आळीला सुटंल. ते झालं. दुसरं असं की मला रक्ताचा कॅन्सर हाय. हळू चालणारा हाय, जल्दी मरत न्हाई. हा तुम्हाला लागत न्हाई. पुन्हा सांगतो, लागत न्हाई. उलटं हाय. माझ्या अंगात लढणारं कोणी राह्यलं न्हाई, म्हणून तुमचंच मला लागतंय. तुमची सर्दी तुम्हाला दोन दिवस, मला सोळा. बोर्ड त्याच्यासाठी हाय. मोसंबी खायची तर खा, न्हाई तर नका खाऊ, पण उकिरड्यावर टाकू नका, मला वाईट वाटतंय. अन् सुदाम, तुझी मोटार रात्रंदिस चालू हाय, बंद कर."

त्या दिवशी दुपारी बाळंतिणीची सासू फाटकाबाहेर येऊन, पदर तोंडाला लावून उभी राहिली आणि तिथूनच रडली. विलासला वाटलं भोंग्याची कल्पना माझीच, तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. सोयरिकीच्या लोकांनी मात्र स्वतः डॉक्टरला फोन करून खात्री करून घेतली, आणि लग्न झालं. आबांनी ते मंडपाबाहेर जीपमध्ये बसून पाहिलं. सगळं वऱ्हाड काचेपाशी येऊन त्यांना नमस्कार करत होतं. एक म्हातारा काच खाली करा म्हणून हट्टाला पेटला, त्याला माईने हाकलला.

पुढची दोन-तीन वर्षं आबा असे जगले. दुखणाईतांचा नाद सुटला नव्हताच, त्यांनी नवी रीत काढली. आजाऱ्याच्या खिडकीबाहेर, गल्लीत दहा हातांवर खुर्ची टाकून बसायचे आणि तिथून मोठ्याने बोलायचे. त्यामुळे गावातल्या खाजगी गोष्टी एकदम सार्वजनिक झाल्या. ज्या जावयाची तक्रार व्हायची तोच कधी कधी गल्लीतून जात असायचा. दर तीन महिन्यांनी ते माझ्याकडे रक्त द्यायला यायचे, आणि आकडा काहीही असो, विचारायचे, "काय म्हणतीया आपली बिनकामाची पलटण?" एकदा बरगडीवर नागीण उठली. माईने शेजारणीच्या सांगण्यावरून गेरू लावला आणि मी त्या दोघींवर एवढी ओरडले की आबांनीच मला पाणी दिलं.

आणि मग हुसेनभाई आजारी पडले.

हुसेनभाई जालन्याचे फळांचे व्यापारी. झाडांवर फळ सुपारीएवढं असतानाच अख्ख्या बागेचा माल घ्यायचे. चाळीस वर्षं आबांची बाग त्यांनी घेतली, आणि चाळीस वर्षं दोघे दर हंगामाला भांडले. भांडण झालं की हुसेनभाई "ये आख़िरी साल है, आबा" म्हणून उठायचे आणि माईच्या हातचं जेवून जायचे. त्यांना जालन्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलं होतं. छातीत संसर्ग पसरलेला. त्यांच्या मुलाचा फोन आला, "अब्बा आबांना विचारतायत."

आबा त्याच दिवशी लॅबमध्ये आले. बाकावर बसले नाहीत. तोवर त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि त्या आठवड्याचा रिपोर्ट माझ्या टेबलावरच होता. लढणाऱ्या म्हणून ज्या थोड्या पेशी उरल्या होत्या, त्याही खाली आल्या होत्या. आबा म्हणाले, "जाऊ का माय? दोनच मिंटं. मास्क लावतो, हात लावत न्हाई. तू म्हणशील तसं."

त्यांनी आयुष्यात कोणाला भेटायला जाण्यासाठी परवानगी मागितली नव्हती. माझ्याकडे मागितली. मी रिपोर्ट त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "नाही आबा. आत्ता नाही. हे आकडे वर येऊ देत, मग मीच घेऊन जाईन." आबांनी तो कागद हातात घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि गेले. त्या संध्याकाळी हुसेनभाईंच्या मुलाने फोनवर चेहरा दाखवला. हुसेनभाईंच्या तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. आबा तासभर बोलले. मोसंबीच्या आंबे बहारासाठी पाणी तोडून झाडांना ताण किती दिवस दिला, कोणत्या ओळीतलं झाड वाळलं, विहिरीचं पाणी कुठवर आलंय. चौथ्या दिवशी हुसेनभाई गेले.

मी धावत गावात गेले. आबा बागेत झाडाखाली बसले होते. मला पाहून तेच म्हणाले, "तू बराबर सांगितलंस. गेलो असतो तर दोघं गेलो असतो." आणि माईला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी चूक केली असं मी आजही म्हणणार नाही, रिपोर्ट पुन्हा समोर आला तर पुन्हा तेच सांगेन. पण त्यानंतर आबांनी मला "जाऊ का?" असं कधीच विचारलं नाही, आणि ते कुठे गेलेही नाहीत. खिडकीबाहेरची खुर्चीसुद्धा हळूहळू बंद झाली.

गेल्या थंडीत त्यांना पुन्हा न्यूमोनिया झाला. संभाजीनगरला नेलं. या वेळी औषधांना शरीराकडून काही साथच मिळेना. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी विलासला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आता ज्यांना भेटायचं असेल त्यांनी भेटून घ्यावं. आता जपण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी आत गेले. आबा जागे होते. मी सांगितलं, "आबा, गावातून दोन टेम्पो भरून लोक आलेत. सकाळपासून दवाखान्याच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभे आहेत."

"वर यायचं म्हणले का कोणी?"

"नाही. सगळे म्हणाले, आम्ही इथूनच."

 आबा म्हणाले, "शिकले मंग." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "एकानं तरी हट्ट करायचा होता."

मी जिना उतरून धावत रस्ता ओलांडला. म्हटलं, चला, कोणीही चला, डॉक्टरांनी सांगितलंय, आता चालतं. कोणी हललं नाही. भिकाजी म्हणाला, "मला काल शिंका आल्त्या." बाळंतिणीची ती सासू म्हणाली, "माझा घसा खवखवतोय माय, नको." सुदाम तर मागे सरकला. "घरात नातीला ताप हाय. म्या तिला उचलून घेतली होती. आबाला लागंल." मी त्यांना ओरडून सांगितलं की आता लागून काही होणार नाही. त्याचा अर्थ त्यांना कळला. काही जण रडायलाच लागले. पण पाय कोणाचा उचलेना. इतकी वर्षं हेच तर मी त्यांना शिकवलं होतं.

रिकाम्या हाताने वर आले. खोटं सांगावंसं वाटलं, जमलं नाही. खाटेच्या पायथ्याशी बसून मी एकेकाचं नाव घेऊन कोण काय म्हणालं ते सांगितलं. भिकाजीच्या शिंका, म्हातारीचा घसा. आबांचे डोळे मिटलेले होते, पण तोंडावर हसू येत होतं. सुदामचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"नातीला किती दिस झाले ताप?"

"माहीत नाही आबा. विचारलं नाही."

"इचारायचं ना," ते म्हणाले. चिडून, अगदी पूर्वीसारखे. "लहान पोर हाय. जाऊन ये तिच्याकडं."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

सावडणं झाल्यावर मी सुदामकडे गेले. त्याच्या नातीचा ताप कधीच उतरला होता, ती अंगणात मातीत खेळत होती. सुदामची सून गोंधळून म्हणाली, "ताई, ती आता बरी हाय, काई काम होतं का?" मी नाही म्हटलं, आणि बाजेवर बसले.